सुमेधचं पातळ मीठ

नाही हो मामा, केळी पिकत घातलेली नाहीत. आल्याआल्या सगळ्यांना तसंच वाटतं — मागे पोस्टमन आला तर म्हणाला, काकू, एखादं केळं द्या, सकाळपासून पोटात काही नाही — आणि घरात केळं असेल तर शपथ! वास सुमेधचा आहे. म्हणजे त्याच्या कपड्यांचा. धुवून जात नाही, उलट साबणालाच केळ्याचा वास लागतो. तुम्ही बसा ना — त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, इथे कॉटवर बसा. तुम्ही संध्याकाळी येणार असा स्थळ घेऊन आलेल्या धोंडूबाईंचा निरोप होता, म्हणून हे आगाशीला बाजारात गेलेत आणि सुमेध — सुमेध कामावर गेलाय. हो, रविवारच आहे आज. रविवारचंच काम असतं ते. पाण्याचं. येईल इतक्यात. तोवर मी आहे की! मी लतिका, त्याची आत्या, कॉलेजला आला तेव्हापासून आमच्याकडेच आहे तो, आणि मला ह्यांनी बजावून ठेवलंय — मुलीचे मामा आले तर तीनच वाक्यं बोलायची, मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी पक्की आहे, स्वभाव शांत आहे, आणि मग चहा ठेवायचा. झालं, बोलले मी. चिवडा घ्या.

नोकरी कसली? — धोंडूबाई बोलल्या नाहीत? — एसेन्सची. मुलांच्या गोळ्या असतात, आइस्क्रीम असतं, त्यात केळ्याचा वास येतो ना, त्यात केळं कुठे असतं? वास बाटलीतून येतो, आणि ती बाटली आमचा सुमेध भरतो. एमएस्सी आहे केमिस्ट्रीत. कॉन्रॅडसाहेबांची कंपनी — कंपनी म्हणजे शेडच आहे हो, नंदाखालच्या वाटेवर पूर्वी भाताची गिरणी होती, तिथे. सगळं करणारा सुमेधच. काय करतो, तर व्हिनेगरचा थोरला भाऊ शोभेल असं एक आंबट घेतो आणि त्यात एक अल्कोहोल घालतो — नाही नाही नाही, प्यायचं नव्हे! निर्व्यसनी आहे, पहिलंच वाक्य होतं ना माझं! ते अल्कोहोल इतकं घाणेरडं असतं की दारुडासुद्धा नाक धरून पळेल. तर ही दोन एकत्र तापवली की त्यांचं केळं होतं. पण नुसती तापवली तर वर्ष घालवतील, मधे कुणीतरी लागतं लवकर जुळवून द्यायला. त्याला म्हणतात कॅटलिस्ट. सुमेधने मला समजावून सांगितलं, आत्या, कॅटलिस्ट म्हणजे जो दोघांचं जमवून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. म्हटलं, कळलं, धोंडूबाई! — हसलात तुम्ही. बरं वाटलं. आल्यापासून तुमचा चेहरा असा होता की मला वाटलं चिवडा खवट झालाय.

तर तिथे पूर्वी हा कॅटलिस्ट काय होता, सल्फ्युरिक ॲसिड. भयंकर प्रकार. सुमेधच्या एका पँटला गुडघा नव्हता, दुसरीला — असो, दुसरीची मी फडकीसुद्धा केली नाहीत. आणि हे ॲसिड आपलं काम करतं आणि केळ्यातच बसून राहतं. मग ते मारायला सोडा, मग धुवायला पाणी, मग परत पाणी, आणि ते सगळं खारट-आंबट धुवण कुठे जायचं? शेडच्या मागे. आणि शेडच्या मागे काय आहे? श्रीपतची बाग. केळीची! तुमच्याकडे बागा नसतील, तुम्ही बोरिवलीचे, पण आमच्याकडे प्रत्येक बागेत एक बावखल असतं, म्हणजे बागेला पाणी द्यायचं छोटं तळं — ते धुवण झिरपत झिरपत त्यात. श्रीपतच्या केळी कडेने करपल्या, पानं अशी — अशी, हा चिवड्याचा कागद झालाय ना तेलाने, अशी झाली. मग काय, श्रीपत आला एक दिवस करपलेलं पान घेऊन इथे, ह्या दारात, आणि ओरडला, "ए केमिस्ट! तुमी नकली केली बनवता, आन त्याच्यासाठी माझी असली केली मारता काय? पानी चाखून बग माज्या बावखलाचा!" आणि आमच्या सुमेधने काय करावं? गेला आणि चाखलं! खरंच चाखलं हो, ओंजळीने. परत आला तो जेवेना. मी खिचडी टाकली, पापड भाजला, तरी नाही. म्हणाला, आत्या, खोटं केळं करायला मी खरं केळं मारतोय. असा आहे तो. स्वभाव शांत — तिसरं वाक्य.

मग तो विरारला जायला लागला, स्टेशनजवळ तेव्हा सायबर कॅफे नवीन निघाले होते ना, तिथे. मला वाटलं मुलगी पाहिली वाटतं ह्याने! ह्यांना म्हटलं, जरा जाऊन बघा. हे गेले, मागच्या खुर्चीत बसले, आणि येऊन सांगतात, लतिका, पोरगा हातचा गेला, तो तिथे बसून मिठाचा इतिहास वाचतो. मीठच होतं ते! पण कसलं — पातळ! आयनिक लिक्विड म्हणतात. आता आम्ही मिठागरांच्या शेजारी राहणारी माणसं, मला म्हणतो आत्या, असं मीठ आहे जे तापवल्याशिवायच पातळ असतं. म्हटलं त्यात काय, पावसाळ्यात माझ्या बरणीतलं रोज असतं. म्हणे, ते पाणी सुटणं, आत्या. हे पाणी न घालता पातळ. मधासारखं दाट. उडून जात नाही, पेट घेत नाही, त्याला वास येत नाही — आणि ॲसिडचं काम करतं! केळं झालं की केळं वर तरंगतं आणि मीठ खाली बसतं. वरचं ओतून घ्या, खालचं जरा तापवून त्यातलं पाणी घालवा, आणि पुन्हा तेच वापरा. धुवायचं काही नाही, फेकायचं काही नाही. हिरवं रसायनशास्त्र म्हणतात ह्याला, म्हणाला. मी बाटली बघायला मागितली, तर पिवळी. म्हटलं, हिरवं कुठाय? तर कपाळावर हात मारला त्याने. आता मी काय चुकीचं विचारलं सांगा!

कॉन्रॅडसाहेब आधी ऐकेनात. ते म्हणाले, सुमेध, माझे पप्पा ॲसिडने करत होते, मी ॲसिडने करतो, देवाने मीठ घट्ट केलंय ते काय उगाच? पण श्रीपत त्यांच्या घरी पण पान घेऊन गेला होता — माणूस सगळीकडे पान घेऊनच जायचा, लग्नाला गेला तरी बरोबर पान — तेव्हा शेवटी म्हणाले, नाताळपर्यंत करून दाखव, नाही जमलं तर परत ॲसिड, आणि परत माझ्यासमोर मिठाचं नाव काढायचं नाही. मग सुमेधने त्याच्या जुन्या सरांच्या हातापाया पडून एक बाटली ते मीठ मिळवलं. इतकंसं. आणि ते शेडमध्ये ठेवलं तर कुणी तेल समजून सांडेल, म्हणून घरी आणून ठेवलं. सुरक्षित.

आता आमच्या ह्यांचं काय आहे — रिटायर झाल्यापासून ह्यांना कुरकुर सहन होत नाही. माझी नव्हे हो, वस्तूंची. दार कुरकुरलं, तेल घाल. पंखा, तेल. शेजारच्यांच्या गेटला पण घालून येतात, न विचारता. तर त्या दिवशी ओटीवरचा झोपाळा कुरकुरला. आणि ह्यांना कपाटात सापडली मधासारखी दाट पिवळी बाटली. घातलं की! चारी कड्यांना, सढळ हाताने. आणि म्हणतात कसे, लतिका, काय तेल आहे, थेंब गळत नाही! संध्याकाळी सुमेध येतो, बाटली बघतो, अर्धी. झोपाळा बघतो, चकचकीत. चमचा घेऊन स्टुलावर चढला आणि कड्या खरवडायला लागला. आणि हे खालून — "अर्धी आहे ना शिल्लक? मग?" आणि ते ॲसिडचंच काम करतं म्हटलं ना, त्याने त्या गंजक्या कडीचंही काम केलं. चार दिवसांनी हे पेपर वाचत बसलेले असताना कडी तुटली. खाली आले. पेपर सोडला नाही, जमिनीवर बसून ती बातमी संपवली आणि मग "अगं" म्हणाले. — घ्या, पाणी घ्या. हळू. चिवड्यात शेंगदाणा असतो, हसताना जपून खावं.

पण उरलेल्या अर्ध्यात केलं त्याने! सकाळी सकाळी केलं, आणि वर केळं, खाली मीठ, जशी दुधावर साय. ओतून घेतलं, खालचं परत वापरलं, परत केळं. परत वापरलं, परत केळं! कॉन्रॅडसाहेबांनी वास घेतला आणि छातीवर क्रूस काढला. आणि हा वेडा, आनंदाच्या भरात, चंबू बगलेत धरून निघाला स्कूटरवर, कुठे, तर आधी श्रीपतला दाखवायला — बघ बाबा, आता ॲसिड नाही, तुझी बाग वाचली. वाटेत खड्डा. बूच उडालं. सगळं केळं शर्टावर. तर शर्टावर केळं, तसाच शिरला बागेत, आणि त्या बागेत आंब्यावर मधमाश्यांचं हे एवढं पोळं. आता गंमत अशी आहे — मला ही नंतर कळली, त्यालाही नंतरच कळली, हेच तर शिकवायला पाहिजे एमएस्सीला — की मधमाशी चिडली ना, की ती बाकीच्यांना हाक मारते ती वासाने मारते, आणि तो वास असतो ह्याच केळ्याच्या एसेन्सचा! म्हणजे हा बागेत शिरला तो अंगभर "मारा, मारा" असं लिहून शिरला.

धावला. श्रीपत पाठीमागून ओरडतोय, "पान्यात जा! पान्यात जा रे!" — तर हा धाडकन बावखलात. आणि बावखलाच्या पायरीवर, ओणवी होऊन, बाटलीत पाणी भरत होती तुमची रचना.

— हो, रचनाच. श्रीपतने पाणी तपासायला दिलं होतं ना, विरारच्या त्या लॅबमध्ये, तिथेच नाही का ती नोकरीला? — तर ती तिचं सॅम्पल घेत होती, स्वच्छ बाटली, हातात मोजे, आणि त्यात पडलं एक अख्खं केळं, बुटांसकट. चिडली हो! "माझं सॅम्पल!" म्हणून ओरडली. त्याने डोकं वर काढलं, सॉरी म्हणाला, माशी कानाला चावली, परत खाली. परत वर आला, म्हणाला, मी कंपनीचाच आहे, हे आयनिक लिक्विडने केलंय, धुवण नाही — परत खाली. अशी सगळी माहिती हप्त्याहप्त्याने दिली. शेवटी तिलाच दया आली, श्रीपतचं ओलं गोणपाट उचललं आणि घातलं त्याच्या डोक्यावर, आणि धरून ठेवलं माश्या जाईपर्यंत. पळाली नाही मामा. दुसरी कुणी असती तर पळाली असती. ही त्या पायरीवर उभी राहिली, आणि तिच्या नाकावर चावली एक, नाक हे एवढं झालं होतं — आठवत असेल ना तुम्हाला, घरी आली तेव्हा —

काय? — कोलंबीने? — ॲलर्जी?

हो. हो हो, कोलंबीच. काय असतं, कोलंबी कधी कधी — माझ्या पण एकदा — नाही म्हणजे, म्हणूनच ती तेव्हापासून कोलंबी खात नाही का? अय्या, अजून नाही खात? बिचारी! आवडते ना तिला फार, सुमेध सांगत होता इथे आली की — इथून गेली — म्हणजे मला कुणीतरी सांगितलं. चहा ठेवू का? ठेवतेच. नको? — तुम्ही असे बघू नका हो, मला घाम फुटतो आणि घाम फुटला की मी जास्त बोलते.

बरं, ऐकायचंच आहे तर सरळ ऐका. तसं काहीही नव्हतं तेव्हा. उलट भांडण! तो अंग सुजलेला, डोळा उघडत नाही, आणि तिला सांगतोय की हे हिरवं आहे, हे स्वच्छ आहे. ती म्हणाली, मिस्टर, आणि हे तुमचं मीठच उद्या पाण्यात गेलं तर मासे जगतील? हवेत उडत नाही हे कळलं, पण पाण्यात विरघळतं ना? तपासलंयत? — एवढं वाचलं, सर झाले, कॉन्रॅडसाहेब झाले, कुणी विचारलं नव्हतं हे. घरी आला, मी हळद लावतेय, आणि हा छताकडे बघून हसत म्हणतो, आत्या, तिचा प्रश्न फार चांगला होता. मी तिथेच ओळखलं. माणूस प्रश्नाला असा हसत नाही.

आणि मग तिने रिपोर्ट दिला श्रीपतला. सुमेधने जाऊन सांगितलं होतं तिला की कंपनीत सगळं बदलतंय, नवं जमलंय. ती म्हणाली, ते पुढचं, हे पाणी आजचं आहे. पाणी आंबट आहे ते आंबट लिहिलं, कुणामुळे तेही लिहिलं. कॉन्रॅडसाहेबांना बंदची नोटीस येते की काय अशी वेळ, सुमेधची नोकरी जाते की राहते — हो, तेव्हा नव्हती पक्की, आता आहे, दुसरं वाक्य आजचं आहे! — आणि तरी हा म्हणतो, बरोबर लिहिलंय तिने. स्वतः घेऊन गेला तो कागद साहेबांकडे. साहेबांनी तो वाचला, श्रीपतचं पान बघितलं, आणि नाताळाच्या आधीच केळ्याच्या ॲसिडचे कॅन परत पाठवले. अननसाचं एसेन्स अजून जुन्याच पद्धतीने होतं, खोटं कशाला बोलू, त्यावर चाललंय काम. पण केळं सगळं मिठावर. आणि तिच्या प्रश्नासाठी त्याने अशी नळ्यांची भानगड केलीय की त्या मिठाचा थेंब शेडबाहेर जाऊ नये, आणि गेलाय का बघायला दर रविवारी दोघं पाणी तपासायला जातात. श्रीपतच्या बावखलाचं. मग शेजारच्या बावखलाचं. मग निर्मळच्या तळ्याचं. मग राजोडीला समुद्राचं —

राजोडीला कसली कंपनी? — नाही, कंपनी नाही कसलीच. समुद्रच आहे. तपासायला नको? खारट आहे की नाही ते?

अहो मामा, बसा ना. उठू नका. मी काय सांगते, तुम्हाला प्रेमबिम चालत नाही, बँकेतला मुलगा पाहिजे, हे रचना म्हणाली — रचना म्हणाली असेल असं मला वाटतं — म्हणून तर धोंडूबाईंना घातलं मधे. म्हटलं धोंडूबाई, तुम्ही स्थळ घेऊन जा, जसं बाहेरून आलंय. त्या म्हणाल्या, मी खोटं बोलत नाही. म्हटलं खोटं कुठाय, मुलगा खरा, मुलगी खरी, फक्त ओळख पुसायची. घ्या, सगळंच सांगून झालं. ह्यांनी तीन वाक्यं सांगितली होती मला! आता हे येतील आणि मला ह्या घरातून —

काय म्हणालात? परत बोला. — तो रिपोर्ट. हो, तिने खराच लिहिला. त्याची नोकरी जाणार हे ठाऊक असून. — आणि तो? तो चिडला नाही, सांगितलं ना. अजून फ्रेम करायचा म्हणतो, मीच नको म्हटलं, बैठकीत कुठे लावणार आंबट पाण्याचा रिपोर्ट.

तुम्ही डोळे का पुसताय? — तिचे बाबा तसेच होते, नुकसान झालं तरी खरं तेच लिहिणारे? — असं. नाही, हे नव्हतं ठाऊक मला. ती बोलत नाही फार त्यांच्याबद्दल. — असं असं. — अहो, मग त्यांना आवडला असता हो सुमेध. चिवडा राहू दे, बोला तुम्ही, मी गप्प बसते.

...

पुढच्या रविवारी? बैठक? म्हणजे तुमचा होकार — अगंबाई! थांबा, ह्यांना फोन — नाही, ह्यांच्याकडे मोबाइल कुठाय. मामा, तुम्ही म्हणजे — मी तुम्हाला काय समजत होते आणि —

श्श. स्कूटर. सुमेधची. अरे देवा, मागे ती आहे! पाण्याच्या बाटल्या घेऊन! तुम्ही संध्याकाळी येणार होतात ना! मामा, तुम्ही खिडकीकडे बघू नका — काय? काही ठाऊक नाही असं दाखवायचं? तुम्ही? आणि मीपण? अहो, हसताय काय, मला नाही जमायचं ते!

ये रे सुमेध. हे, हे मामा आलेत. मुलीचे. आणि ही — ही कोण बाई तुझ्याबरोबर? लॅबमधल्या का? या, बसा.

— मामा तुला विचारतायत रचना, ह्या मुलाला पूर्वी कधी पाहिलंयस का.

नाही म्हणतेस? आज पहिल्यांदाच? स्टेशनला रिक्षा मिळाली नाही म्हणून लिफ्ट घेतलीस?

बरं.

माझ्याकडे काय बघता सगळे? मी काही बोललेच नाही. मी फक्त तीन वाक्यं बोलले. सरका जरा, मला आत जाऊ द्या, चहा ठेवायचाय.